‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ : चालणं, मेंदू आणि एका घरातली चार माणसं

प्रश्न कोथरूडच्या एका ४७ वर्षांच्या ताईंचा आहे. ७४ वर्षांच्या सासूबाई वर्षभरात विसराळू झाल्यात. ताईंच्या स्वतःच्या वडिलांना अल्झायमर होता. नवरा हिंजवडीला, दिवसाचे दहा तास खुर्चीत. मुलगा दहावीत, म्हणून त्याचं क्रिकेट यंदा बंद. त्या विचारतात : चालल्याने स्मरणशक्ती टिकते हे खरं, की नुसतं सांगायचं म्हणून सांगतात? खरं असेल तर आमच्या घरात कुणी किती चालायचं? आणि घरात ट्रेडमिल घ्यावी का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २७ वर्षं पुण्यात पक्षाघात, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) आणि म्हातारपणाच्या तक्रारी असलेल्या माणसांबरोबर काम करते आहे. ताई, तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात आधी दिसली. घरातल्या तिघांना कुणी ना कुणी बसवलेलं आहे. मुलाला परीक्षेने, नवऱ्याला नोकरीने आणि सासूबाईंना प्रेमाने. ‘आता तुम्ही बसा, आम्ही करतो’ हे वाक्य मी घराघरांत ऐकते. म्हणणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नसतं, तरी त्यातून झालेलं नुकसान मी रोज हाताळते. म्हणून मी किती पावलं चालायची तिथून सुरुवात करणार नाही. कोण कशामुळे बसलंय, तिथून करते.

पण त्याही आधी सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या. व्यायामाचं नंतर बोलू. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला थेट ‘फिरायला जात जा’ सांगणं ही चूक आहे, कारण विसरण्याची काही कारणं औषधाने सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं हे त्यातलं मोठं कारण. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते सर्रास आढळतं, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी कमी होतं. मग थायरॉइड. मग नैराश्य. म्हातारपणचं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, गप्प बसण्यातून दिसतं. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोक्यात धुकं साचतं. आणि कान. ज्यांना नीट ऐकूच येत नाही त्यांना ‘मघाशी सांगितलं होतं ना’ म्हणून आपण रागावतो, पण ते डोक्यापर्यंत पोचलेलंच नसतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात बहिरेपण आहे, न सुधारलेली दृष्टी आहे, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आहे, आणि शारीरिक हालचाल कमी असणंही आहे. या सगळ्यांवर आयुष्यभर काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा पुढे ढकलता येऊ शकतील, असा त्यांचा अंदाज. म्हणजे हालचाल हे चौदातलं एक कारण. पण ते एकटं नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन, नैराश्य, एकटेपणा या बाकीच्या बऱ्याच दारांच्या किल्ल्या त्याच जुडग्यात आहेत.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येते : खरं की नुसतं म्हणायचं? या विषयावर गोड आकडे फार फिरतात, त्यामुळे यात जरा थांबते.

लंडनच्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल नावाचा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. त्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. त्यांचा सरासरी सुमारे २७ वर्षं मागोवा घेऊन २०१७ साली जे छापून आलं ते व्यायामाचा प्रचार करणाऱ्यांना गैरसोयीचं होतं. सुरुवातीला कोण किती हालचाल करतं आणि पुढे कुणाला स्मृतिभ्रंश होतो, यांचा ठळक संबंध दिसला नाही. दिसलं ते वेगळंच. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांची हालचाल निदानाच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासून कमी व्हायला लागली होती. म्हणजे ‘जे चालत नव्हते त्यांना आजार झाला’ असं आपण वाचतो, तेव्हा त्यातल्या काही जणांचं चालणं आजारानेच आधी कमी केलेलं असतं. माझ्यासाठी या अभ्यासाचा उपयोग निराश होण्यासाठी नाही, लक्ष ठेवण्यासाठी आहे. ‘आई हल्ली बाहेरच पडत नाहीत, भिशीलाही जात नाहीत’ हे मी आता नुसता आळस किंवा वय म्हणून सोडून देत नाही. नोंद करते आणि डॉक्टरांना कळवते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. २०११ साली अमेरिकेत १२० वयस्क माणसांचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालवलं, दुसऱ्याला अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षभराने एमआरआय काढले. हिप्पोकॅम्पस म्हणजे कानांच्या आतल्या अंगाला असलेला, नवी आठवण बांधणारा मेंदूचा भाग. वयानुसार तो दरवर्षी थोडा आक्रसतो. ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तो सुमारे १.४ टक्का घटला, चालणाऱ्यांचा सुमारे २ टक्के वाढला. आकडा लहान वाटेल, पण घसरणीच्या वयात वाढ होणं ही छोटी गोष्ट नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका जास्त असलेल्या १२६० जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला. त्यात व्यायाम, आहार, डोक्याला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. २०१५ साली निकाल आला, तेव्हा नुसता सल्ला मिळालेल्या गटापेक्षा त्यांची विचारशक्ती जास्त सुधारलेली होती.

आणि तिसरी बाजू, जी घरच्यांना सांगताना मला दर वेळी जड जातं. स्मृतिभ्रंश एकदा पक्का झाल्यावर व्यायामाने तो थांबतो असं दिसलेलं नाही. इंग्लंडमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंशाच्या जवळजवळ ५०० रुग्णांवर अशी चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला. चांगला जोरकस व्यायाम दिला होता. रुग्णांचं अंग सुधारलं, स्मरणशक्तीची घसरण थांबली नाही. तुमच्या वडिलांना आणखी चालवलं असतं तर, असा विचार मनात येत असेल तर तो खाली ठेवा. अशा रुग्णाला मी तरीही चालवते. पण ते तो पडू नये, रात्री झोपावा, स्वतः संडासला जाता यावं आणि घरच्यांच्या पाठीचा काटा मोडू नये म्हणून. ही कारणं माझ्या लेखी कमी मोलाची नाहीत.

हे होतं कसं? मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विश्रांतीत असतानाही तो शरीराच्या एकूण प्राणवायूतला जवळजवळ २० टक्के वाटा घेतो. तो पोचवणाऱ्या शेवटच्या रक्तवाहिन्या केसापेक्षा बारीक असतात. लक्ष्मी रस्ता मोकळा असून भागत नाही, पाण्याचा टँकर पेठेतल्या बोळात शिरला पाहिजे. रक्तदाब आणि साखर सगळ्यात आधी या बोळांची वाट लावतात. भरभर चालण्याने रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर लवचिक राहतं, रक्तदाब उतरतो, स्नायू साखर ओढून घेतात. माझ्या मते मेंदूला मिळणारा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, आणि त्याचं कौतुक सगळ्यात कमी होतं.

दुसरा मार्ग रसायनांचा. काम करणारा स्नायू ही एक ग्रंथीच म्हणा. त्यातून लॅक्टेट, आयरिसिन असे पदार्थ रक्तात येतात आणि मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढायला मदत करतात. मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी असलेले सांधे टिकवणं, नवे जोडणं हे त्याचं काम. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत १९९९ साली उंदरांना पळायला चाक दिलं, तर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त आढळल्या. माणसाच्या मेंदूत प्रौढपणी अशा पेशी किती तयार होतात यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. म्हणून ‘चाला, नव्या पेशी उगवतील’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते थोडं पुढचं बोलणं झालं. झोप आणि मनाची उभारी हा तिसरा मार्ग, तो मोजायला कठीण आणि जाणवायला सोपा.

आता नवऱ्याबद्दल. ताई, तुम्हाला काळजी सासूबाईंची आहे, मला तुमच्या यजमानांची जास्त वाटते. स्मृतिभ्रंशाची बीजं पन्नाशीच्या आसपास पेरली जातात, आणि त्या वयात माणसाला काहीच होत नसतं. अंदाजाने सांगते, ते फार जाड नसावेत, पोट मात्र सुटलं असेल. आपल्या पुण्याने या बाबतीत जगाला एक महत्त्वाची गोष्ट दाखवली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं एक शेजारीशेजारी छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला सारखी दिसणारी दोन माणसं आतून इतकी वेगळी. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला. तिथेही वजनाने कमी, पण चरबीने कमी नसलेली बाळं दिसली. म्हणजे आपली ठेवण जन्मापासून अशी. त्यामुळे ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ हे वाक्य आपल्या लोकांनी म्हणू नये. स्नायू कमी, चरबी आत दडलेली, त्यात दहा तास खुर्ची, मग साखर लवकर चढते. आणि चढलेल्या साखरेचा हिशेब वीस वर्षांनी मेंदू चुकता करतो.

यावर आपल्याच घरातला उपाय आहे, शतपावली. जेवणानंतर चालू लागलं की मांडीचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. २०१३ साली अमेरिकेत साखर वाढू लागलेल्या वयस्क माणसांवर एक लहानसा प्रयोग झाला होता. तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं हे सकाळच्या सलग ४५ मिनिटांइतकंच उपयोगी ठरलं, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला तर सरस. शंभर पावलांत मात्र जेमतेम मिनिट-दीड मिनिट होतं. ती पंधरा मिनिटांची करा. हिंजवडीत डबा खाऊन झाला की इमारतीला दोन-तीन फेऱ्या, रात्री जेवून सोसायटीत तुमच्याबरोबर एक. झाली अर्ध्या तासाची भर, आणि त्यासाठी पहाटे पाचचा गजर लावायला नको.

पण शतपावली पुरेशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेलं माप आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल असं आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. मध्यम दम म्हणजे काय, ते घड्याळाशिवाय कळतं. चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. हनुमान टेकडीवर सकाळी पुष्कळ जण मोबाइलवर आरामात गप्पा मारत फिरताना दिसतात. ते फिरणं मनाला चांगलं आहे, पण १५० मिनिटांत त्यातली थोडीच धरता येतात. शनिवार-रविवारीच वेळ मिळत असेल तर तेही वाया जात नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत सगळा व्यायाम दोन दिवसांत उरकणाऱ्यांच्या हृदयालाही फायदा झालेला दिसला. यजमानांना अतकरवाडीतून सिंहगड चढू द्या. फक्त वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाने पहिल्याच रविवारी गड चढू नये. आधी रक्तदाब, साखर तपासून घ्या, चढताना छातीत दडपतं का ते विचारा, आणि सहा आठवडे टेकडीवर काढा.

पावलांचं विचारलं नाहीत, पण विचारालच. ब्रिटनमध्ये ७८ हजारांवर माणसांच्या मनगटावर यंत्र बांधून पावलं मोजली होती, निकाल २०२२ सालचा. स्मृतिभ्रंशाचा धोका ९,८०० च्या आसपास पावलं असलेल्यांत सगळ्यात कमी, साधारण निम्मा दिसला. ३,८०० पावलांपाशीही तो सुमारे पाव हिश्श्याने कमी दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, व्हाइटहॉलबद्दल जे वर सांगितलं ती शंका इथेही धरायची. तरी मला यातला खालचा आकडा आवडतो. ज्यांची दीड हजार पावलं होतात त्यांना दहा हजार सांगितली की ते घरीच बसतात. चार हजार सांगितली की उठतात.

मुलाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे फार गुंता नाही. त्याचं क्रिकेट बंद करू नका. सामने आणि कोचिंग कमी करा हवं तर, पण रोजचा तास ठेवा. ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं हेच माप आहे. अमेरिकेत ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांवर नऊ महिने शाळेनंतरच्या खेळाचा प्रयोग झाला. खेळणाऱ्या मुलांचं लक्ष विचलित न होऊ देणं आणि एका कामावरून दुसऱ्यावर डोकं वळवणं जास्त सुधारलं. त्याआधीच्या एका लहान प्रयोगात २० मिनिटांच्या चालण्यानंतर मुलांनी लक्ष लागण्याची आणि वाचून समजण्याची चाचणी जास्त चांगली दिली. म्हणजे संध्याकाळी क्लासवरून आल्या आल्या पुन्हा पुस्तकापुढे बसवण्यापेक्षा आधी अर्धा तास खाली पिटाळा, मग बसवा. मार्क वाढतील असं वचन मी देत नाही. पण माझ्याकडे दहावी-बारावीची मुलं मानदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं घेऊन येतात. त्यांच्या वेळापत्रकात मला अभ्यास कमी पडलेला कधीच दिसत नाही, खेळ कमी पडलेला दिसतो. शिवाय पंधराव्या वर्षी सुटलेला खेळ परत येत नाही. चाळिशीत माझ्यासमोर बसून ‘मी दहावीपर्यंत खूप खेळायचो’ सांगणारी किती माणसं मी ऐकली आहेत.

आता तुम्ही. तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतः नाहीच. सगळ्यांसाठी विचारलंय आणि स्वतःचं फक्त वडिलांच्या आजारापुरतं आलंय. वडिलांना पासष्टीनंतर अल्झायमर झाला असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त धरायचा, पण ते कपाळावर लिहिलेलं नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९१ बायकांची मध्यमवयात सायकल चालवून दमाची ताकद मोजली आणि त्यांचा ४४ वर्षं मागोवा घेतला. दम उत्तम असलेल्यांत स्मृतिभ्रंश खूपच कमी आढळला. संख्या लहान आहे, म्हणून त्यातला टक्का मी सांगत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे, आणि ती तुमच्याच वयाच्या बायकांची आहे.

‘घरकामात पुरेसा व्यायाम होतो’ असं तुम्ही म्हणाल, किंवा घरातलं कुणी म्हणेल. हालचाल म्हणून घरकाम मोजायचं, नक्की. ओट्यापाशी उभं राहणं खुर्चीत बसण्यापेक्षा बरं. पण त्यात दम लागत नाही, आणि मांडीला, पाठीला ताकद येण्याइतका भार पडत नाही. दमणूक होते, ती वेगळी गोष्ट. २०२२ सालच्या अंदाजात भारतातल्या सुमारे ५७ टक्के बायकांची हालचाल गरजेपेक्षा कमी होती, पुरुषांची ४२ टक्के. दिवसभर राबणाऱ्या बायकांच्या देशात हा आकडा येतो, तो याचमुळे, आणि बाईचा स्वतःचा असा अर्धा तास कुणी राखून ठेवत नाही याचमुळे. पाळी जाण्याच्या आसपास नाव न आठवणं, स्वयंपाकघरात येऊन ‘मी कशाला आले’ असं होणं हे बहुतेकींना होतं. ते वडिलांच्या आजाराचं लक्षण समजून घाबरू नका. त्या वयात हाडं आणि स्नायू झपाट्याने उतरतात, म्हणून नुसतं चालू नका, वजन उचला. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन सुरू करा, भिंतीला टेकून दंड काढा, खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा. आणि सासूबाईंना फिरवणं म्हणजे तुमचं फिरणं नव्हे. त्यांच्या गतीने चाललात तर तुमचा दम लागणारच नाही. आठवड्यातून चार दिवस म्हातोबा टेकडी एकटीने, तुमच्या पायांच्या वेगाने. त्या वेळात घरात चहा कोण करेल हे आधी ठरवा, कारण बायकांचा व्यायाम गुडघ्यांमुळे कमी मोडतो, या प्रश्नावर जास्त मोडतो.

एक आणखी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ साली आला होता. त्यात बैठ्या छंदांपैकी वाचन, पत्ते-बुद्धिबळासारखे खेळ, वाद्य वाजवणं यांचा संबंध कमी स्मृतिभ्रंशाशी दिसला. अंगमेहनतीच्या गोष्टींत मात्र फक्त एकीचा, नाचण्याचा. मला त्यात नवल वाटलं नाही. नाचताना पाऊल, ताल, पुढची हालचाल आणि शेजारचं माणूस हे सगळं एकाच वेळी सांभाळावं लागतं. आपल्या मंगळागौरीच्या खेळांत हेच सगळं आहे, वर गाणी पाठ असावी लागतात. श्रावणापुरत्या सरावाला जाणाऱ्या बायकांच्या गटांना मी नेहमी सांगते की सराव वर्षभर ठेवा. झिम्मा, टिपऱ्या, गोफ. गोफ विणताना आणि उलगडताना डोक्याला जे काम पडतं ते मोबाइलवरच्या स्मरणशक्तीच्या खेळांत नाही. हाडं ठिसूळ झालेल्यांनी फुगडी आणि उड्या मात्र टाळाव्यात.

परत सासूबाई. तपासण्या झाल्या, औषधं ठरली, आता व्यायाम. त्यांच्या वयाला तीन गोष्टी हव्यात. थोडा दम, पायांत ताकद आणि तोल. ताकदीचं महत्त्व मला स्वतःला उशिरा कळलं. व्हँकुव्हरमध्ये ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांना आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनांचे व्यायाम दिले. वर्षभराने त्यांचं लक्ष केंद्रित करणं आणि चुकीचं उत्तर आवरून धरणं सुधारलं. तो निकाल २०१० सालचा. त्याआधी मी वयस्कांना चालणं सोडून फारसं काही देत नसे.

सासूबाईंसाठी एक साधी परीक्षा करा. चालता चालता त्यांना काही विचारा, ‘काल रात्री आमटी कोणी केली होती हो?’ उत्तर द्यायला त्या थांबतात का बघा. १९९७ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की बोलण्यासाठी थांबणारे वृद्ध पुढच्या काही महिन्यांत जास्त पडतात. चालणं आणि विचार करणं दोन्ही एकाच मेंदूकडून पैसे मागतात, आणि शिल्लक कमी असेल तर एक व्यवहार थांबतो. त्या थांबत असतील तर वर्दळीच्या रस्त्यावर त्यांच्याशी बोलू नका. बागेत, सपाट जागी मात्र मुद्दाम बोला. चालताना नद्यांची नावं, नणंदांची मुलं वयाने मोठी ते लहान, भीमरूपी स्तोत्र. हा सराव होऊ शकतो.

पूर्वी मी रुग्णांना चौदा व्यायामांचा छापील कागद द्यायचे. कागद घरोघरी फ्रिजला चिकटलेले सापडले, व्यायाम सापडले नाहीत. आता दोनच देते. पहिला, खुर्चीतून हात न टेकता उठणं, पाच वेळा, दिवसातून तीनदा, प्रत्येक चहाच्या आधी. दुसरा, ओट्याला एका हाताने धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे दोन महिनाभर झाले की तिसरा. त्याशिवाय सकाळी थोरात उद्यानात दहा मिनिटं, संध्याकाळी दहा, जमेल तशी वाढवत. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो, म्हणून ऊन वर आल्यावर जा आणि कर्वे रस्त्याच्या कडेने नको, हवेचं प्रदूषणही स्मृतिभ्रंशाच्या त्या चौदा कारणांत आहे. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीपेक्षा इमारतीचा व्हरांडा बरा.

आणि त्यांना आजारपणात पलंगावर ठेवू नका. निरोगी वयस्क माणसांना प्रयोगासाठी दहा दिवस पलंगावर ठेवलं, तर पायांतून जवळजवळ एक किलो स्नायू गेला होता. माझ्या एका रुग्ण आजी घरात पाय घसरून पडल्या होत्या, हाड मोडलं नव्हतं. पण घरच्यांनी घाबरून आठ महिने सगळं पलंगावर दिलं. जेवण, पेपर, पूजेची फुलंसुद्धा. मी भेटले तेव्हा त्यांना वार सांगता येत नव्हता. चार महिने लागले त्यांना दारापर्यंत आणायला. विसरणं पूर्ण गेलं नाही, पण दूधवाला, शेजारीण, दाराबाहेरची रांगोळी परत मिळाली आणि बोलणं परत आलं. त्यातलं किती चालण्यामुळे आणि किती माणसं भेटण्यामुळे हे मला वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही वाटत नाही.

ट्रेडमिल नका घेऊ. सासूबाईंसाठी ती धोक्याची आहे, पट्टा सरकतो आणि तोल सावरायला वेळ मिळत नाही. मुलाला मैदान हवं, तुम्हाला टेकडी. यजमान रोज रात्री दहाला घरी पोचत असतील आणि खरंच वापरणार असतील तरच विचार करा. आधी दोन महिने शतपावली पाळून दाखवू दे.

त्या पैशांतला थोडा भाग सासूबाईंच्या चांगल्या बुटांवर घाला, मागे पट्टा असलेले, न घसरणारे, आणि कानांच्या तपासणीवर. मग एक करा. तुम्ही लिहिलंय की पूर्वी त्या रोज स्वतः भाजी आणायच्या, आता ती दहा मिनिटांत दारात येते. त्यांची पिशवी त्यांना परत द्या. मेथीची एक जुडी आणि पाव किलो मिरच्या, एवढंच, एक दिवसाआड. पहिले दोन आठवडे त्यांच्या नकळत दहा पावलं मागे चाला. रस्ता ओलांडताना त्या दोन्हीकडे बघतात का, कुठल्या वळणावर घुटमळतात, सुटे पैसे बरोबर मोजून घेतात का, चार जिन्नस सांगितले तर किती आणतात, हे सगळं तारखेसकट वहीत लिहून ठेवा. वळण चुकायला लागल्या तर एकटीने पाठवू नका, पिशवी त्यांच्याच हातात ठेवून सोबत जा. आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन जा.